उघाडीची फळी

रविवार, १८ ऑगस्ट १९९१. अथाल, सिल्वासा

सकाळी चहा देताना ज्योती म्हणाली, "अण्णा, राखीला माहेरी आप्पांकडे जावं म्हणते. सुधाकरला मला न्यायला यायला जमणार नाही. शेतात फार पाणी आहे."

लग्नानंतरची तिची पहिलीच राखी. माझ्या चंद्रकांतला राखोलीच्या कारखान्यातून सुट्टी मिळणं शक्य नाही. नव्या मशीनवर धागा सारखा तुटतो म्हणे, आणि धागा तुटला की मुंबईचे साहेब याच्यावर ओरडतात. मी लगेच म्हणालो, "मी नेतो तुला."

चंद्रकांत दाढी करता करता हसला. "अण्णा, सुनेला पोचवायचंय की खाजण बघायचंय?"

दोन्ही, असं मी म्हणालो नाही. पण इथे लिहायला काय हरकत आहे? वैशाखात लग्न झालं तेव्हा व्याही भगवंतराव सांगत होते, की त्यांच्या खाडीपाड्याला खाडीला बांध घालून मिळवलेली भाताची जमीन आहे, तिला खाजण म्हणतात, आणि पावसाळ्यात शेतावर होडीने जावं लागतं. भाताच्या शेतात होडीने! तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून ते चित्र हलत नाही. मनमाडच्या मालधक्क्यावर कारकुनी करण्यात माझा जन्म गेला. तिथे पाणी हंड्याने मोजायचं आणि पाहुण्याला अर्धा पेला द्यायचा. अशा गावात चौथीला ठोसर मास्तर आम्हाला स्वतः रचलेल्या कविता शिकवायचे आणि त्याही नदीच्या! अजून पाठ आहेत.

पुढेच जाते, पुढेच जाते, वळून मागे बघत नसे,
वाटेवरच्या खडकालाही 'येते हं मी' म्हणत हसे.

बारमाही नदी मास्तरांनी तरी पाहिली होती की नाही, देव जाणे. मी मात्र आता रोज संध्याकाळी दमणगंगेच्या काठावर जाऊन बसतो आणि ही ओळ खरी आहे याची खात्री करून घेतो.

शनिवार, २४ ऑगस्ट. खाडीपाडे

वापीहून पॅसेंजरने सफाळे, तिथून टमटम, आणि शेवटचा तुकडा खरोखरच होडीने. होडी सुधाकरने आणली होती. ज्योतीचा हा धाकटा भाऊ तसा कमी बोलतो. मी सारखा "अहाहा" म्हणत होतो तेव्हा फक्त एकदा म्हणाला, "काका, हात आत घ्या, होडी कलते."

काय वर्णन करू! दोन्हीकडे गुडघाभर भात, मधून पाण्याचे चर, चरांत आभाळ. पुढे उंच मातीचा बांध आणि बांधापलीकडे वैतरणेची रुंद खाडी. बांधावर उभं राहिल्यावर मला असा भास झाला की खाडीचं पाणी वर आहे आणि शेत खाली. डोळ्यांना भूल पडते माणसाच्या. पाणी वर आणि जमीन खाली असं कधी असतं का?

घरी पोचल्यावर भगवंतरावांनी स्वतः माझ्या पायांवर पाणी घातलं. मी "अहो, हे काय" म्हणतोय तोवर विहीणबाई, नलिनीबाई, पाट मांडून मोकळ्या झाल्या होत्या. मुलाकडच्यांचा मान! मी एकटाच पाटावर, आणि भगवंतराव उभे राहून वाढताहेत. "विश्वनाथराव, आपण संकोच करू नका." संकोच वाटला. पण बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू?

जेवण झाल्यावर त्यांनी बांधावर नेऊन उघाडी दाखवली. बांधाच्या पोटात दगडी दार आहे. त्याला वरून सरकणारी सागाची फळी, फळीला साखळी, साखळी अडकवायला खुंटी. शेतात पावसाचं पाणी फार झालं की फळी वर घ्यायची, पाणी खाडीत जातं. गावाच्या साऱ्या खाजणाला ही एकच उघाडी, आणि तिची राखण आजोबांपासून भगवंतरावांच्या घरात. म्हणून नारळी पौर्णिमेला खाडीत पहिला नारळ त्यांच्या हातून पडतो. हे सांगताना म्हाताऱ्याची मान ताठ झाली होती. पुढे फळीच्या वेळांबद्दल ते बरंच काही सांगत होते, पण तेवढ्यात एक खंड्या निळी रेघ ओढत गेला आणि माझं लक्ष त्याच्यामागे गेलं.

परत येताना आभाळ भरून आलं. सुधाकर म्हणाला, "आप्पा, रात्री पडणार. शेत तुंबेल."

"तुंबू दे. उद्या पौर्णिमा. सांजच्याला नारळ पडंपर्यंत उघाडीला हात नाय लावायचा."

रीत म्हणजे रीत. मला त्या माणसाची कीव आली.

रविवार, २५ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा. न्याहारीनंतर

रात्रभर पाऊस कोसळला. उजाडता उजाडता थांबला तसा मी छत्री घेऊन एकटाच बांधावर गेलो. शेत काठोकाठ! भाताचे नुसते शेंडे वर, बुडणाऱ्या माणसाच्या बोटांसारखे. आणि पलीकडे खाडी किती खाली उतरलेली, तळाचा चिखल दिसत होता. मनात म्हटलं, भगवंतरावांच्या हाताला रीतीने बांधलंय. माझ्या हाताला कुठे बांधलंय? पाहुण्याला कसली रीत? काल त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, त्यांचं एवढं काम मी करू नये?

साखळी ओढायला जड गेली, पण फळी वर आली. खुंटीला अडकवली आणि काय तो लोट! ठोसर मास्तरांची नदी धावत सुटली. मी बराच वेळ बांधावर बसून तिला 'येते हं मी' म्हणताना ऐकलं. भाताचे शेंडे हळूहळू उंच होऊ लागले. तेव्हा समाधानाने परतलो.

कोणाला सांगितलं नाही. गुप्तदान गुप्तच बरं. छत्री मात्र कुठे ठेवली ते आठवत नाही.

त्याच दिवशी, दिवेलागणीला



दुपारी राखी झाली, नारळीभात झाला. भात फार सुरेख. आग्रह करकरून वाढला. जेवणानंतर विहीणबाई म्हणाल्या, "ज्योती सांगते, तुमास्नी शाळंतल्या कविता येतात." मग काय, मी सुरू झालो. भगवंतराव समोर हात जोडल्यासारखे बसले होते. मधूनमधून दाराकडे बघत होते. मी थांबलो की म्हणत, "म्हणा, म्हणा. आपण म्हणा."

इतक्यात मागच्या दाराने भिका आला. हा त्यांच्या शेजारचा शेतकरी, धिप्पाड गडी, कमरेपर्यंत भिजलेला. त्याने वाकून आप्पांच्या कानात काही सांगितलं. मला एकच शब्द ऐकू आला, "खारं". भगवंतराव माझी ओळ अर्धी टाकून उठले. मागोमाग सुधाकर. त्यांच्या पायांचा आवाज मी अंगणापर्यंत ऐकला. पुढे सगळं गाव पळत होतं.

ज्योतीला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "उधाणाची भरती आहे, अण्णा. खाडीचं पाणी शेतात आलं."

"बांधावरून?"

तिने राखीचं तबक उचललं. "हो. बांधावरून."

खारं पाणी भातात! मी विहीणबाईंना धीर दिला. म्हणालो, "बरं झालं, सकाळी मी फळी उचलून पुष्कळ पाणी सोडून दिलं होतं. नाहीतर दोन्ही पाणी मिळून किती अनर्थ झाला असता!"

त्यांनी ज्योतीकडे पाहिलं, ज्योतीने माझ्याकडे. मग विहीणबाई म्हणाल्या, "च्या निवला तुमचा. दुसरा आनते."

आता देवळाच्या ओसरीवर गाव जमलंय. मला पडून राहा म्हणून सांगितलंय. इथवर आरडाओरडा ऐकू येतो. मध्येच सगळे गप्प झाले आणि भगवंतरावांचा आवाज आला, "फळी माज्याच हातून ऱ्हायली. घरात पावनं व्हतं, ध्यान नाय ऱ्हायलं."

कोणती फळी? मी वर केली ती? पण तिच्यातून तर पाणी बाहेर जात होतं. मी डोळ्यांनी पाहिलं. दुसरी एखादी उघाडी असेल.

सोमवार, २६ ऑगस्ट. खाडीपाडे

निघण्याआधी भगवंतरावांजवळ बसलो. डोळे तांबारलेले. म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका. आपल्या वयात विसर पडतोच."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पडतो खरा."

माझी छत्री पिशवीत होती. वाळवून, घडी घालून, वरून दोरी बांधलेली. कुठे सापडली विचारलं तर सुधाकर म्हणाला, "होती तिथंच." किती जपणारी माणसं!

होडीत बसताना गावातलं कोणी निरोपाला आलं नाही. सगळे बांधावर होते.

रविवार, १ सप्टेंबर. अथाल

आठवडाभर लख्ख ऊन. आभाळ धुतलेल्या पाटीसारखं स्वच्छ. सकाळी ज्योतीला म्हटलं, "बघ, काय दिवस पडलाय!" ती अंगणात उभी राहून आभाळाकडेच बघत होती. म्हणाली, "पाऊस हवा होता, अण्णा. गोडं पाणी पडलं असतं तर थोडं खारं धुऊन निघालं असतं."

ती हल्ली माझ्याशी गोड बोलते, वेळेवर वाढते, औषध आठवणीने देते. पण पूर्वी भाजी निवडताना "अण्णा, ती खडकाची कविता म्हणा ना" म्हणायची. खाडीपाड्याहून आल्यापासून एकदाही नाही.

जेवताना सहज विचारावं तसं विचारलं, "बांधाला उघाड्या किती गं?"

"एकच." आणि लगेच, "भाकरी वाढू?"

एकच. मग असं झालं असेल, की मी सोडलेलं पाणी ओसरल्यावर भगवंतरावांनी फळी पाडली असेल, आणि नंतर पुन्हा वर घेतली असेल. पण रीतीने तर त्या दिवशी हात लावायचा नव्हता. आणि ते तर सकाळपासून माझ्याच सरबराईत होते.

दुपारी झोप लागली नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर. अथाल

सुधाकर आला. पत्र्याची एक पेटी घेऊन. चंद्रकांतला म्हणाला, "दाजी, कंपनीत हेल्परचं बघा काहीतरी. पॅकिंगला टाका, चालेल."

मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, असला स्वर्ग सोडून तू इथे धाग्याच्या गिरणीत येणार? लोक पैसे देऊन असली जागा बघायला जातील."

"स्वर्ग पिवळा पडलाय, काका," तो म्हणाला. "पातीचे शेंडे जळाले. औंदा भात नाही. मिठानं धरलेली जमीन दोन पावसाळे तरी सोडत नाही."

"सुधा," ज्योती स्वयंपाकघरातून म्हणाली. नुसतं नाव. तो पेटी भिंतीशी सरकवू लागला.

थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता तो चंद्रकांतला सांगू लागला. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी गावकी बसणार. उघाडीची राखण आप्पांकडून काढून घेणार. खारं पाणी शिरल्यापासून आप्पा घराबाहेर पडत नाहीत. बांधावरसुद्धा नाही.

"एका चुकीसाठी?" चंद्रकांत म्हणाला. "इतकी वर्षं राखली ना त्यांनी?"

"ती एक चूक होऊ नये म्हणूनच असते राखण, दाजी."

मी उठून बाहेर आलो. दमणगंगेवर गेलो नाही. का गेलो नाही, ते कळत नाही. चप्पल घातली होती.

मंगळवार, १० सप्टेंबर. अथाल

हे शांतपणे, जसं झालं तसं लिहायचं आहे.

चंद्रकांतच्या कंपनीचा टेम्पो दमणला माल घेऊन चालला होता. सोबत सुधाकर, आता तो तिथलाच. चंद्रकांत म्हणाला, "अण्णा, तुम्ही घरात बसून बसून सुकलात. जाऊन या. तुमची नदी समुद्राला कुठे मिळते ते बघा." गेलो.

सुधाकर माल उतरवत होता तोवर मी जेटीवर जाऊन बसलो. दुपारची वेळ. समोर माझीच दमणगंगा, रुंद, गढूळ, फुगलेली. तिच्यावर एक नारळाची झावळी तरंगत आली. मी कौतुकाने बघत होतो. मग माझ्या ध्यानात आलं, झावळी समुद्राकडून येतेय.

वाटलं वारा असेल. मग लाकडाचा ओंडका आला, फेस आला, सिगरेटचं पाकीट आलं. सगळं आत, डोंगराकडे, सिल्वाशाच्या दिशेने. आख्खी नदी उलटी चालली होती. किती जोरात! नांगरलेल्या होड्यांनी तोंडं फिरवली होती.

सुधाकर शेंगदाण्यांची पुडी घेऊन शेजारी बसला. म्हटलं, "अरे, ही उलटी का वाहतेय?"

"भरती आहे, काका."

"भरती समुद्राला असते."

"समुद्र कुठे थांबतो? मैलोगणती आत येतो. सकाळी गेलेलं पाणी दुपारी घरी येतं."

तो सहज बोलला. बोलून गेल्यावर त्याचा हात पुडीतच थांबला.

मी विचारलं, "पौर्णिमेला किती वाजता येतं?"

तो शेंगदाण्यांची सालं फुंकत राहिला.

"सुधाकर, मी तुला विचारतोय. त्या दिवशी बांधावरून पाणी आलं नाही. हो ना?"

"त्या बांधावरून पाणी आलेलं आजोबांनीही बघितलं नाही," तो म्हणाला. मग एकदम, "मला बोलायला लावू नका, काका. आप्पांनी शपथ घातलीय. ज्योतीचं सासर आहे."

टेम्पोने परत निघालो. ड्रायव्हर वाल्मिक धुळ्याकडचा, बडबड्या. तो म्हणाला, "बाबाले आज ऊन लागनं दिसस." ऊन नव्हतं लागलं. मला माझाच आवाज ऐकू येत होता, "आपल्या वयात विसर पडतोच." आणि त्यावर त्या माणसाचं "पडतो खरा."

बुधवार, ११ सप्टेंबर. अथाल

ज्योती चूल पुसत होती. तिला म्हटलं, "मला कळलं."

तिने मागे वळून पाहिलं नाही. "सुधाने सांगितलं?"

"नदीने."

बराच वेळ ती एकच जागा पुसत राहिली. मी म्हणालो, गावकीत जाऊन मी खरं सांगणार.

"नका जाऊ, अण्णा. आप्पांनी गावापुढे शब्द टाकलाय, की चूक त्यांची. तुम्ही बोललात तर ते खोटे ठरतील."

"आणि न बोललो तर?"

"तर निष्काळजी ठरतील. ते त्यांनी निवडलंय. माझ्यासाठी." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "त्यांनी व्याह्याकडे बोट दाखवलं असतं तर मी या घरात मान वर करून कशी वावरले असते? आणि तुम्ही तरी माझ्याकडे सून म्हणून कसं बघितलं असतं?"

"तू का बोलली नाहीस पण?"

"सासऱ्याला काय बोलणार? तुम्ही मला कविता म्हणून दाखवायचात. मला ते बंद व्हायला नको होतं." असं म्हणाली आणि रडली. ते बंद तर तिच्याकडूनच झालं होतं. दोघांनाही ते कळत होतं.

रात्री चंद्रकांत चिडला. "सुधाकरला नोकरी लावलीय. त्यांचं नुकसान मी थोडं थोडं भरून देईन. तुम्ही तिकडे जाऊन आता नवीन तमाशा करू नका." त्याचं गणित चूक नाही. पण भगवंतराव बांधावर जात नाहीत, हे त्याच्या गणितात कुठेच येत नाही.

कागदावर लिहायला सोपं आहे, जाणार म्हणून. मनातून मी घाबरलोय. गावाला नाही. त्या माणसाच्या हात जोडून बसण्याला.

शनिवार, १४ सप्टेंबर. खाडीपाडे

गेलो. ज्योती सोबत आली. म्हणाली, "एकटे होडीतून पडाल."

वाटेवर भात दिसलं. पिवळं नाही, भाजल्यासारखं. चरांत आभाळ तसंच होतं.

देवळाच्या ओसरीवर गाव बसलेलं. भगवंतराव खांबाला टेकून, खाली मान घालून. मला बघताच उभे राहिले. "विश्वनाथराव, आपण इकडं कशाला? घरी बसा. नलिनी पाट मांडंल."

मी उभ्या उभ्या बोललो. पाठ करून आलो होतो, काही आठवलं नाही. एवढंच म्हणालो, "फळी मी वर केली. भरती येते हे मला माहीत नव्हतं. यांनी उघाडीला हातही लावला नव्हता. हे माझ्यासाठी खोटं बोलले."

खांबाशी बसलेली एक म्हातारी, सरुबाई नाव, पदर तोंडाला लावून हसली. "अवो पावनं, तुमची छत्री फळीच्या खुंटीला लटकत व्हती. पोराटोरांनी बघितली."

"म्हणजे तुम्हाला…"

"समद्या गावाला ठावं हाय."

"मग त्यांच्यावर का…? कोणी बोललं का नाही?"

"पोर दिलीय ना तुमच्या घरात," ती म्हणाली. जणू मी भरती का येते असं विचारलं होतं.

भिकाने घसा खाकरला. तो उर्मटपणे बोलला नाही. "काका, उघाडी कोनी उघडली ते गाव इचारत नाय. गुरंबी फळीला धडकतात, पोरंबी खेळतात. राखन कोनाची व्हती, येवढंच इचारतो. उधानाच्या दिसाला आप्पा दुपारी जेवत बसले. बांधावर चक्कर नाय मारली."

जेवत नव्हते बसले. माझ्या कविता ऐकत बसले होते. तेही मी सांगितलं. कोणी हसलं नाही.

राखण भिकाकडे गेली. माझ्या बोलण्याने तिळाएवढाही फरक पडला नाही. भगवंतरावांनी मान हलवली आणि ओसरीवरून उतरले. मी मागे मागे. घराच्या अंगणात पोचताच ते गर्रकन वळले.

"कोनी सांगितलं व्हतं तुमाला यायला?"

मी काही बोलणार तोच, "गप ऱ्हावा! राखन जानारच व्हती माजी. ती गेली तरी मी सोसलं असतं. माजा शब्द तरी खरा ऱ्हायला असता. आता गाव म्हनंल, भगवंता व्याह्याच्या मानापायी देवळात खोटं बोलला. समजतं का तुमाला? पानी समजत नाय, मानूस समजत नाय, नुस्तं गानं म्हनायचं!"

"अवो, हळू," विहीणबाई दारातून म्हणाल्या. "व्याही हायेत ते."

"कसला व्याही! ह्याला खाडी आनि गटार येक!"

ज्योती तोंडावर हात धरून उभी होती. मला वाटलं रडतेय. नीट पाहिलं तर तिचे खांदे हसण्याने हलत होते, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. भगवंतराव आणखी पुष्कळ बोलले. मी सगळं ऐकलं. मध्ये खंड्या आला असता तरी मान वळवली नसती.

रात्री जेवायला पाट नव्हता. आम्ही दोघे भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो. आमटीत मीठ कमी होतं. मागण्याची हिंमत झाली नाही. थोड्या वेळाने भगवंतरावांनीच मिठाचं भांडं माझ्याकडे सरकवलं, जरा जोरातच.

रविवार, १५ सप्टेंबर. खाडीपाडे

सकाळी दारावर थाप. "उठा. किती झोपता?"

गणपतीत दोन-चार सरी पडून गेल्यात. डोंगराकडच्या ओढ्याचं गोडं पाणी चर खणून खाजणात घेतलंय. ते जमिनीत मुरवायचं आणि ओहोटीला उघाडीतून बाहेर काढायचं, म्हणजे थोडं मीठ त्याच्याबरोबर जाईल. या वर्षीचं भात गेलं ते गेलंच. पुढची दोन वाया जाणारी वर्षं एकावर आली तरी पुष्कळ, असं भिका म्हणतो. राखण आता त्याची, पण पहिल्याच दिवशी तो भगवंतरावांना बोलवायला आला होता. "आप्पा, मला सवय नाय. बघा जरा." भगवंतराव कुरकुरत निघाले. कितीतरी दिवसांनी बांधावर. सुधाकरही रात्री सिल्वाशाहून आला. सोमवारी पहिल्या पाळीला परत जायचंय.

सगळे फावडी घेऊन चरांत उतरले. मला या वयात फावडं कोण देणार? भगवंतरावांनी मला उघाडीच्या डोक्यावर बसवलं. "हितं बसा. पानी भाईर चाललंय तोवर चालू द्या. थांबलं की हाक मारा. गानं म्हनू नका."

नाही म्हटलं. ऊन चढत गेलं. पाणी खाडीकडे निघालं होतं, आधी लोंढ्याने, मग ओघाने, मग नुसतं सरपटत. मी एका वाळक्या काडीवर नजर ठेवली होती. एक वाहून गेली की दुसरी टाकायची. प्रत्येक काडी आधीच्यापेक्षा हळू जायची. खालून फावड्यांचे आवाज येत होते, कोणीतरी कोणाला तरी शिव्या देत होतं. मी वर पाहिलं नाही.

दुपार कलताना टाकलेली काडी दगडी दाराशी गेली आणि उभी राहिली. पुढे गेली नाही, मागे आली नाही. मग तिचं टोक, अगदी किंचित, माझ्याकडे वळलं.

मी उठलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "भगवंता! फळी!"